ऋण उमरीच्या ओसरीचे

उमरीचे नाव निघाले की नांदेडकडची जुनी माणसे बँकेची गोष्ट काढतात. 30 जानेवारी 1948 रोजी निजामाच्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतून आलेल्या तरुणांनी हैदराबाद स्टेट बँकेच्या उमरी शाखेवर हल्ला केला आणि वीस लाखांहून अधिक रुपये मुक्तिलढ्यासाठी नेले. साहेबराव बारडकर, नागनाथ परांजपे ही त्यातली नावे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असत. मी उमरीतच वाढले. हा प्रसंग मी इतक्या तोंडून ऐकला आहे, की बँकेची तिजोरी मी स्वतः पाहिली आहे असे कधी कधी वाटते.

पण माझे मन त्या दिवसाच्या आधी घुटमळते. निजामाच्या राज्यात सभा भरवायची तर परवानगी लागे, खाजगी शाळा काढायची तर परवानगी लागे. पटवाऱ्यापुढे आणि पोलिसांच्या अमीनसाहेबापुढे पाठ वाकवणे ही गावाची सवय होती. त्या गावात ताठ उभे राहणारी माणसे एका रात्रीत कशी निपजतील? कोणीतरी आधी वर्षानुवर्षे मशागत केलेली असणार. ती मशागत उमरीत कोणी केली हे मला ठाऊक आहे, कारण तिचे पीक आमच्या घरात आले. माझी मोठी आत्या, जिला सारे गाव आक्का म्हणे, ती त्या पिकातली. आणि आक्काने मला घडवले.

ऋण मोजायचे तर तीन माणसांची नावे घ्यावी लागतात. आक्का, तिचे गुरुजी, आणि या दोघांच्याही मागे उभे असलेले स्वामी दयानंद सरस्वती. काठेवाडातल्या टंकाऱ्याला 1824 साली जन्मलेल्या आणि 1883 साली अजमेरला देह ठेवलेल्या या संन्याशाने उमरीचे नाव ऐकले असण्याची शक्यता नाही. तरी माझ्या हातात पाटी आली ती त्यांच्यामुळे.

आक्काचे लग्न नवव्या वर्षी झाले आणि अकराव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी परतली. नवऱ्याचा चेहरा तिला नीट आठवत नसे. आमच्या घरात विधवेचा पुनर्विवाह नव्हता. तिला मागच्या खोलीत झोपायला जागा मिळाली, दोन पांढरी लुगडी मिळाली, आणि स्वयंपाकघरापासून गोठ्यापर्यंतचे सगळे काम मिळाले. सणावारी ती समोर येऊ नये म्हणून आजी तिला कोठीत निवडणटिपण करायला बसवी. आजी दुष्ट नव्हती. तिने जे पाहिले होते तेच ती करत होती, आणि लेकीला कोठीत बसवून स्वतः चुलीपुढे रडत होती. हे आक्कानेच मला सांगितले, आईविषयी जराही कडवटपणा न ठेवता.

गुरुजी उदगीरकडून आले. उमरी तेव्हा कापसाची पेठ. मीटरगेज रेल्वेच्या स्टेशनामुळे मुदखेडकडून आणि धर्माबादकडून माणसांची ये-जा असे. गुरुजींनी एका आडत दुकानात हिशेब लिहिण्याची नोकरी धरली. आमच्या घराच्या पलीकडच्या बोळात दोन खोल्या आणि एक लांब ओसरी भाड्याने घेतली. दिवसा दुकानात वह्या लिहीत, पहाटे ओसरीवर हवन करीत आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात शिकवीत. त्यांनी आपले आडनाव टाकून नुसते 'आर्य' लावले होते. जात विचारणाऱ्याला ते शांतपणे आपल्या कामाची माहिती देत. समोर कोणीही येवो, सावकार असो की मांगवाड्यातला माणूस, दोन्ही हात जोडून 'नमस्ते' म्हणत. आज हे सगळ्यांच्या तोंडी आहे, म्हणून त्याचे काही वाटत नाही. पण ज्या गावात माणसाची जात पाहून वंदनाची रीत बदलत असे, तिथे एकाच रीतीने सर्वांना हात जोडणारा माणूस पाहायला पोरे बोळात जमत.

दयानंदांचे सांगणे गुरुजींनी गावाला ग्रंथ वाचून दाखवले नाही. ते त्यांनी करून दाखवले. वेद वाचण्याचा अधिकार सर्वांना आहे, स्त्रियांना आहे, शूद्रांना आहे, हे दयानंदांनी 'सत्यार्थप्रकाश'मध्ये यजुर्वेदाच्या सव्विसाव्या अध्यायातल्या मंत्राच्या आधाराने मांडले. ज्या वेदाच्या नावाने बायकांच्या आणि बहुजनांच्या कानावर बंदी घातली, त्याच वेदातून त्यांनी ती बंदी उठवणारे वचन काढून पंडितांपुढे ठेवले. या युक्तिवादाचे बळ काय होते हे आज आपल्याला चटकन कळणार नाही. जोतीराव फुल्यांनी वेदांचे प्रामाण्यच नाकारले. त्यांची वाट अधिक सरळ होती आणि मला ती अधिक पटते. पण 1936 सालच्या उमरीत, माझ्या आजोबांसारख्या भाविक माणसापुढे वेद नाकारणारा माणूस ओसरीवरही चढू शकला नसता. वेद हातात घेऊन आलेल्या गुरुजींना त्यांनी बसायला घोंगडी दिली.

गुरुजींनी आजोबांना एवढेच विचारले, "तुमची लेक संध्याकाळी तासभर शिकायला आली तर चालेल का?"

आजोबा म्हणाले, "विधवा पोर हाय वो, गुरुजी. लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय म्हणायचं ते म्हणू द्या. तुम्ही काय म्हणता ते सांगा."

आजोबांनी त्या दिवशी उत्तर दिले नाही. आठवडाभराने त्यांनी आक्काला स्वतः त्या ओसरीवर नेऊन बसवले आणि तास संपेपर्यंत बोळाच्या तोंडाशी उभे राहिले. माझ्या आजोबांचेही ऋण इथे लिहिले पाहिजे. सुधारकांचा इतिहास लिहिताना आपण बोलणाऱ्याला मान देतो. ऐकून घेणारा, गावाचे टोमणे झेलणारा बाप राहून जातो.

ओसरीवर तेव्हा सातआठ पोरे येत. त्यात मांगवाड्यातला एक आणि महारवाड्यातला एक मुलगा होता. सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसावे लागे. पहिल्या महिन्यात निम्मी पोरे उठून गेली, मग काही परत आली. गुरुजी देवनागरी शिकवीत, अंकगणित शिकवीत, संध्येचे मंत्र म्हणून घेत. आणि प्रत्येकाला रोज एक प्रश्न विचारायला लावत. ज्याला प्रश्न सुचला नाही, त्याला दुसऱ्या दिवशी दोन विचारावे लागत. आक्काचा पहिला प्रश्न होता, "मी सणाला समोर आले तर खरंच काही वाईट होतं का?" गुरुजींनी तिलाच उलट विचारले, "आजवर कधी आली होतीस का समोर? आली नसशील तर कोणाला कसं ठाऊक?" त्या वर्षीच्या संक्रांतीला ती कोठीतून बाहेर आली. घरात कोणी बोलले नाही. ती तिळगूळ वाटत फिरली.

पुढे गुरुजींनी तिला यज्ञोपवीत दिले. विधवा मुलीच्या गळ्यात जानवे आणि ओठांवर गायत्री, हे पाहून गावातल्या काही घरांनी आमच्याशी पाणी बंद केले. ते दोनतीन वर्षे चालले. आजीने आधी डोके आपटले, मग एक दिवस तीच आक्काला म्हणाली, "माय, मला बी सांग की ते काय म्हणतीस." मायलेकी पहाटे जात्यावर बसून मंत्र म्हणू लागल्या. एवढे घडल्यावर पाणी बंद करणाऱ्यांची धास्ती घरातून गेली.

दयानंद महाराष्ट्राला परके नव्हते हे मला फार उशिरा, कॉलेजात कळले. आर्य समाजाची स्थापनाच एप्रिल 1875 मध्ये मुंबईत गिरगावात झाली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या मित्रांच्या आमंत्रणावरून दयानंद पुण्याला गेले. तिथली त्यांची पंधरा व्याख्याने पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत. ते मूळचे गुजराती, आधी बोलत ते संस्कृतात. कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी सुचवल्यावर लोकांना कळेल अशा हिंदीत बोलू लागले. संन्याशाने आपल्या पांडित्याची भाषा खाली ठेवावी आणि बाजारातल्या माणसाची भाषा उचलावी, यात मला त्यांच्या सगळ्या विचाराचे मूळ दिसते. पुण्यात त्यांची मिरवणूक निघाली तेव्हा सनातन्यांनी टिंगलीसाठी गाढवाची मिरवणूक काढली आणि दंगल झाली. त्या मिरवणुकीच्या रक्षणाला जोतीराव फुले आपल्या सत्यशोधक सोबत्यांना घेऊन चालत होते. वेद मानणारा आणि वेद न मानणारा, दोघे एका रस्त्यावर. मला महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या शतकातले एखादे दृश्य निवडायला सांगितले तर मी हेच निवडीन. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही राजाराम कॉलेज आर्य समाजाच्या हाती सोपवले. म्हणजे आमच्या उमरीची ओसरी ही काही एकाकी गोष्ट नव्हती.

मराठवाड्यात तर हे बीज फार आधी पडले होते. निजामाच्या राज्यातला पहिला आर्य समाज बीड जिल्ह्यातल्या धारूरला 1880 साली, दयानंद हयात असतानाच स्थापन झाला. हैदराबादेत सुलतान बाजारचा 1892 साली. तिथले मोठे आधारस्तंभ केशवराव कोरटकर मराठवाड्यातल्याच पुरजळ गावचे. ते हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. गुलबर्ग्याच्या नूतन विद्यालयापासून हैदराबादच्या विवेकवर्धिनीपर्यंत किती शाळांना त्यांचा हात लागला! त्यांनी आपला मुलगा गुरुकुल कांगडीला शिकायला पाठवला. तेच पुढचे विनायकराव विद्यालंकार. आणि गुरुजींच्या उदगीरला वकील बन्सीलाल आणि श्यामलाल हे दोघे भाऊ. गुरुजी भाई श्यामलालांचे नाव घेताना नेहमी थोडे थांबत.

1938 हे वर्ष उमरीच्या ओसरीनेही अनुभवले. हवनकुंड बांधायला धर्मखात्याची परवानगी, आर्य समाजाचे मंदिर उघडायला परवानगी, सभेला 'गश्ती निशान 53' या सरकारी परिपत्रकाचा अडसर. या गश्तीचा आकडा आक्काला म्हातारपणीही पाठ होता, कारण तिच्या आयुष्यातला तो पहिला कायदा. ओसरीवर पहाटे पाचजण बसून तूप आणि समिधा अग्नीत घालतात, ते बेकायदा कसे, हा तिचा त्या काळातला प्रश्न. गुरुजी म्हणाले, "पाच माणसं परवानगीशिवाय एकत्र बसतात, याचीच त्यांना भीती." आक्का सांगे, हे ऐकले आणि मला राज्य म्हणजे काय ते कळले. परकी सत्ता कितीही चांगली असली तरी आपले राज्य ते आपले, असे दयानंदांनी काँग्रेसच्या जन्माच्याही आधी लिहून ठेवले होते. पण उमरीतल्या तेरा वर्षांच्या मुलीला स्वराज्याचा अर्थ उमगला तो एका हवनकुंडावरच्या बंदीतून.

गुंजोटीच्या आर्य समाजी वेदप्रकाशांची हत्या झाली. डिसेंबर 1938 मध्ये भाई श्यामलालांचा बिदरच्या तुरुंगात अंत झाला. त्याच महिन्यात सोलापूरला लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली आणि या बंद्यांविरुद्ध सत्याग्रहाचा निर्णय झाला. 1939 च्या सुरुवातीपासून ऑगस्टपर्यंत देशाच्या कानाकोपऱ्यांतून तुकड्या येत राहिल्या. पंजाबातले, संयुक्त प्रांतातले तरुण हैदराबाद संस्थानात येऊन पकडले गेले. दहा हजारांहून अधिक माणसे तुरुंगात गेली, काहीजण तिथेच वारले. गुरुजीही गेले. दुकानाच्या मालकाला वह्या नीट समजावून दिल्या, ओसरीच्या भाड्याचे पैसे आगाऊ दिले, आक्काच्या हाती खडूची पेटी दिली आणि सोलापूरच्या गाडीत बसले. गुलबर्ग्याच्या तुरुंगातून ते पावसाळ्याच्या अखेरीस परतले, तेव्हा अंगावर हाडे राहिली होती. ओसरीवर अकरा मुले बसलेली होती आणि त्यांतल्या चार मुली होत्या. त्या आक्काने जमवल्या होत्या. तेव्हा तिचे वय चौदा.

गुरुजींनी त्यानंतर आजोबांकडे पुन्हा एक प्रस्ताव आणला. आक्काच्या पुनर्विवाहाचा. मुलगा लातूरचा, शिकलेला, आर्य समाजी. दयानंदांनी स्वतः विधवाविवाहाला मोकळी संमती दिली नव्हती. ज्या मुलीचा संसार सुरूच झाला नाही, अशा बालविधवेपुरतीच ती होती. त्यांचे अनुयायी पुढे गेले आणि त्यांनी सरसकट असे विवाह लावले. शिष्य गुरूच्या पुढे गेल्याचा मला आनंद वाटतो. आजोबा या वेळी लगेच हो म्हणाले. नाही म्हणाली ती आक्का. तिला शिकायचे होते, शिकवायचे होते. घर तिच्यावर रागावले. गुरुजी मात्र म्हणाले, "हो म्हण की नाही म्हण. ठरवणारी तू, एवढंच मला पाहायचं होतं." मी विशीत असताना आक्काने हे वाक्य मला ऐकवले. माझ्या आयुष्यातल्या दोन मोठ्या निर्णयांच्या वेळी मी त्याचा आधार घेतला आहे.

सप्टेंबर 1938 पासून स्टेट काँग्रेसवर बंदीच होती, म्हणून या भागातले राजकारण महाराष्ट्र परिषदेच्या नावाने चाले. 1941 साली तिचे अधिवेशन आमच्या उमरीला भरले. आक्काने त्याच्या स्वयंसेवकांना पाणी दिले, भाकरी थापल्या, आणि मंडपाच्या कडेला उभे राहून भाषणे ऐकली. मातृभाषेतून शिक्षण, नागरी हक्क, सगळे तिच्या ओसरीवरच्या प्रश्नांशी जुळणारे. स्वामी रामानंद तीर्थांविषयी गुरुजींना फार आदर. तेही संन्यासी, आधी हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळेत शिक्षक, मग तुरुंगात. भगवी वस्त्रे घालून माणूस मोक्षाऐवजी जबाबदार राज्यपद्धती मागतो, हे आमच्या भागाला आर्य समाजाच्या सवयीमुळे विचित्र वाटले नाही, असे गुरुजींचे मत होते. मला ते बरोबर वाटते.

इथे एक गोष्ट मी टाळू शकत नाही. आर्य समाजाच्या प्रचारात धर्मांतरितांना परत हिंदू करून घेण्याची शुद्धीची चळवळ होती, परधर्मांवर जहाल टीका होती. तिकडे मुसलमानांच्या इत्तेहाद संघटनेचे वक्ते तसेच जहाल. गावोगाव हिंदू आणि मुसलमान यांच्यामध्ये त्यातून अंतर पडले. 1938 साली स्टेट काँग्रेसचा आणि आर्य समाजाचा सत्याग्रह लोकांच्या मनात एकमेकांत मिसळू लागला, तेव्हा गांधीजींनी स्टेट काँग्रेसला आपला सत्याग्रह थांबवायचा सल्ला दिला आणि डिसेंबरात तो थांबला. पुढे स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांनी हा लढा निजामाच्या राजवटीविरुद्ध आहे, मुसलमानांविरुद्ध नाही, हे नेटाने सांगितले. इत्तेहादच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, म्हणजे रझाकारांनी, ऑगस्ट 1948 मध्ये ज्या संपादकाची हत्या केली ते शोएबुल्ला खान मुसलमानच होते. सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय सैन्य संस्थानात शिरले, त्या पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे ओढवले, ते आक्काच्या डोळ्यांदेखत घडले. गुरुजींनी त्या दिवसांत शेजारच्या पिंजाऱ्याच्या कुटुंबाला ओसरीवर आणून ठेवले आणि स्वतः बोळाच्या तोंडाशी बसून राहिले. बारा वर्षांपूर्वी त्याच जागी माझे आजोबा उभे होते. शुद्धीविषयी गुरुजी पुढे कधीही बोलले नाहीत. कोणी विषय काढला तर म्हणत, "आधी आपण शुद्ध होऊ."

1941 चे अधिवेशन आणि 1948 यांच्या मधली वर्षे कठीण गेली. ऑक्टोबर 1946 मध्ये बिलोलीजवळ अर्जापूरला स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे मारले गेले. 1947 च्या पावसाळ्यानंतर रझाकारांचा जोर वाढला, आजोबांनी बायकामुले पैनगंगेपलीकडे विदर्भात पाठवली. आक्का गेली नाही. गुरुजी कॅम्पांवर गेले होते. ते बंदूक चालवीत नसत. दुकानातल्यासारख्याच वह्या लिहीत. धान्य किती आले, कोणाला किती गेले, औषधे किती. 30 जानेवारीला उमरीत बँकेवर हल्ला झाला त्याच दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. आक्का सांगे, गावात दारे लागली, धाडीच्या भीतीने माणसे शेतात जाऊन बसली, आणि मग ती दुसरी बातमी आली. ती कोणी आणली हे तिला प्रत्येक वेळी वेगळे आठवे. पण त्या रात्री घरात चूल पेटली नाही, हे मात्र कधी बदलले नाही.

गुरुजींना बँकेच्या प्रसंगात सर्वांत मोलाचे काय वाटे, ते ऐकण्यासारखे आहे. तो पैसा लढ्यासाठीच वापरला गेला आणि त्याचा हिशेब स्टेट काँग्रेसने पुढे भारत सरकारला सादर केला. आडत दुकानात आयुष्य काढलेल्या माणसाला यातली थोरवी दिसली. "हातात एवढी रक्कम आली आणि तरी हिशेब दिला," ते म्हणत, "याला म्हणतात स्वराज्याची लायकी." साहसाचे कौतुक करणारे पुष्कळ भेटले. हिशेबाचे कौतुक करताना डोळे भरून आलेला माणूस मी एकच पाहिला.

17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण आला. आक्का पुढे परीक्षा देऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली. महारवाड्यातला तो मुलगा औरंगाबादला गेला, बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकला, आणि 1956 नंतर बौद्ध झाला. मी त्यांना काका म्हणत असे. सुट्टीत आले की ते आधी गुरुजींकडे जात. एकदा मी तिथेच होते. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही मला गायत्री शिकवली. पण पाणवठ्यावर मला कोणी घागर भरू दिली नाही, आणि तेव्हा तुमचे मंत्र म्हणणारे कोणी माझ्या बाजूने आले नाही." लाहोरच्या जातपात तोडक मंडळाची आठवण त्यांनी काढली. आर्य समाजी मंडळींच्याच पुढाकाराने चाललेल्या त्या मंडळाने 1936 साली बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले आणि भाषण वाचून अधिवेशनच रद्द केले. ते भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापले. काका तावातावाने बोलत नव्हते. गुरुजींनी सगळे ऐकले आणि म्हणाले, "तुझं खरं आहे. मी एका सतरंजीवर बसवलं आणि तेवढ्यावर थांबलो. विहिरीवर तुझ्याबरोबर चालत जायला हवं होतं." काकांनी त्यांच्या पायाला हात लावला. गुरुजींनी तो अर्ध्यात धरला आणि दोन्ही हात जोडून नमस्ते केले.

काकांकडूनच मला कळले की ऋण मानणे म्हणजे भाटगिरी नव्हे. ते गुरुजींना आयुष्यभर पत्र लिहीत राहिले, आणि दयानंदांविषयीचा आपला मतभेदही प्रत्येक पत्रात लिहीत राहिले.

माझ्या शिक्षणाची गोष्ट याच धाग्यावर पुढे जाते. मॅट्रिकनंतर मुलीला परगावी ठेवायला वडील तयार नव्हते. आक्काने आपल्या पगारातून पैसे बाजूला ठेवले होते. ती मला लातूरला घेऊन गेली आणि दयानंद महाविद्यालयात नाव घातले. तिथली दयानंद शिक्षण संस्था 1961 सालची. आज लातूरचे नाव निघाले की लोकांना गुणवत्ता यादी आणि शिकवणी वर्ग आठवतात, आणि कॉलेजच्या फाटकावरचे नाव कोणाचे हे मुलांना सांगावे लागते. आक्का फाटकाबाहेर उभी राहून ते नाव किती तरी वेळ वाचत होती. तिने मला आत जायला सांगितले आणि स्वतः उमरीची गाडी धरायला निघाली.

गुरुजींना स्वातंत्र्यसैनिकाचे मानधन मिळाले नाही. त्यांनी अर्जच केला नाही. तुरुंगाचा दाखला आणा, असे कोणी सांगितले की ते म्हणत, दाखला तुरुंगाकडेच असू द्या. त्यांचे नाव कोणत्याही स्मारकावर नाही. आक्काचेही नाही. नांदेडला 1994 साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने विद्यापीठ झाले, तेव्हा निवृत्त आक्काने पेढे वाटले होते.

मी पुढे नांदेडला शिक्षिकाच झाले. वर्गात रोज प्रत्येकाला एक प्रश्न विचारायला लावायची गुरुजींची रीत मी उचलली. ती सोपी नाही. तासाचा वेळ जातो, अभ्यासक्रम मागे पडतो, वरून विचारणा होते. माझ्या एका विद्यार्थिनीने एकदा विचारले होते, "बाई, मुक्तिदिनाला शाळेत मुक्तिसैनिकांची नावं वाचतात. त्यांत बायका इतक्या थोड्या का?" त्या प्रश्नाच्या उत्तरात मी आक्काची गोष्ट सांगितली. त्या मुलीने ती घरी जाऊन लिहून काढली आणि आपल्या आजीला विचारून मुदखेडच्या बाजूच्या आणखी दोन बायकांची माहिती आणली. एक रझाकारीच्या काळात कॅम्पांवर निरोप पोचवत असे. दुसरी अजून हयात होती. पुढच्या रविवारी आम्ही दोघी तिला भेटायला गेलो. तिने आम्हाला आधी जेवायला बसवले आणि मग सांगायला सुरुवात केली.